माठातला गॉगल

"एकच काच काळी बी अन् पांढरी बी? तोतारामभाऊ, मी खेडाना मानूस शे, पन यडा नही!" असं म्हणून झुलालआबांनी टोपी काढून काउंटरवर ठेवली. सोनगीरचे झुलालआबा धुळ्याच्या तोताराम चष्मेवाल्याकडे आले होते आणि दिवस संक्रांतीचे होते. तोतारामशी त्यांची ओळख वर्षभरापूर्वीची. ती कशी झाली, हे आबा कोणाला सांगत नसत.

अडचण नाजूक होती. आबांच्या लेकीचं, सुनंदाचं लग्न वैशाखात ठरलं होतं. मुलगा यादव, धुळ्यात बँकेत नोकरीला. सगळी बोलणी नीट झाली आणि उठता उठता व्याही छगनराव आबांच्या कानाशी लागले, "नवरदेवाला गॉगल पाहिजे. घोड्यावर शोभला पाहिजे. आणि एक सांगतो, मनात ठेवा. पोराला नंबर आहे. गॉगल नंबराचा करा, पण चारचौघांत चष्मा दिसायला नको. दिसला तर आमची शोभा होईल आणि मग मी घोडा तिथूनच परत वळवीन." सोबत डॉक्टरांची चिठ्ठी दिली.

तोतारामने शांतपणे समजावलं. "साधी पांढरी काच घेतली तर तो चष्माच. कायमची काळी घेतली तर नवरदेव मांडवाच्या सावलीत ठेचकाळेल. ही फोटोक्रोमॅटिक घ्या. उन्हात काळी, सावलीत आपोआप पांढरी. एकदा काळी पाहिली की सावलीतही लोक गॉगलच म्हणतील." त्याने काचेवर कागदाची पट्टी चिकटवली, काच दुकानाच्या पायरीवर उन्हात धरली आणि थोड्या वेळाने पट्टी सोलली. काच काजळासारखी काळी आणि मधोमध पांढरा पट्टा! आबांचे डोळे कपाळात गेले. काच दुकानात आणल्यावर हळूहळू सगळी पांढरी झाली, तेव्हा तर त्यांनी हातच जोडले.

"पण आबा, एक ध्यानात ठेवा," तोताराम म्हणाला, "उन्हाळ्यात काच तापली की..."

"उन्हायानं आमले नका सांगू!" आबांनी टोपी डोक्यावर चढवली. "हिवायाम्हा इतली काई व्हस, मंग वैशाखम्हा कोयसा व्हई जाई! सोनगीरले ऊन कमी शे का?" आणि ते एस्टी पकडायला निघालेसुद्धा. खानदेशातल्या माणसाला उन्हाबद्दल कोणी काही शिकवावं, हे त्यांना मुळातच पटण्यासारखं नव्हतं.

लग्नाच्या दिवशी ऊन असं पडलं होतं की बँडवाले पिपाणी फडक्यात धरून वाजवत होते. मारुतीच्या पारावर निंबाखाली नवरदेवाचा मान झाला. आबांनी मखमली डबी उघडून गॉगल पुढे केला. छगनरावांनी तो पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हा चष्मा आहे, आबा."

"सावली शे म्हनीसन. जवाईबापू, घोडावर बसा, उनम्हा चला, मंग दखा!"

यादव घोड्यावर बसला. वऱ्हाड थांबलं, बँड थांबला, शेदीडशे माणसं नवरदेवाच्या नाकाकडे बघत उभी राहिली. काच जरा धुरकट झाली आणि तिथेच अडली. पाच मिनिटं गेली. काचेमागे यादवचे डोळे लख्ख दिसत होते आणि ते घाबरलेले होते. आबांनी मान वर करून सूर्याकडे पाहिलं. इतकं ऊन आणि काच काळी होत नाही? सूर्य तरी खोटा की तोताराम तरी खोटा!

"नवरदेवले चष्मा शे का वं?" बायकांतून कोणीतरी विचारलं. तेवढं छगनरावांना पुरलं.

"घोडा वळवा!" ते ओरडले. "माझ्या पोराचं गुपित भर चौकात मांडलं यांनी!"

आबांनी घोड्याचा लगाम दोन्ही हातांनी धरला. मांडवात हळद लागलेली पोर बसली होती, आणि इथे एका काचेपायी सगळं संपत होतं. त्यांना रडूच कोसळायचं बाकी होतं. तेवढ्यात यादवच किंचाळला, "बाबा, नाक भाजलं!" धातूची दांडी तापून इस्तरी झाली होती. त्याने चष्मा ओढून भिरकावला, तो पाराखाली वऱ्हाडासाठी ठेवलेल्या माठात बुडुक करून गेला. आबांची बहीण द्रौपदाबाई नेमकी झाकण काढून पाणी घेत होती.

"थांबा रे, मी काढस!" म्हणत तिने कोपरापर्यंत हात घातला, चष्मा काढला, पदराला पुसला आणि घोड्याजवळ जाऊन सरळ नवरदेवाच्या नाकावर बसवला. आणि सगळ्यांच्या देखत ती गार काच काळी होत गेली, काळी होत गेली, शेवटी यादवचे डोळेच दिसेनासे झाले.

छगनरावांच्या हातातली छत्री गळून पडली. बँडवाला पिपाणी फुंकायची विसरला. "उन्हाळ्यात काच तापली की..." या तोतारामच्या अर्ध्या वाक्याचा उरलेला अर्धा भाग आबांना तेव्हा कळला. काळं करायला ऊन लागतं, पण तापली की काच काळी राहत नाही.

मिरवणूक निघाली. वीस पावलं गेलं की काच तापून फिकी पडे आणि छगनराव दबक्या आवाजात म्हणत, "अक्का, बुडवा!" दोन गडी माठ घेऊन घोड्याशेजारून चालत होते, द्रौपदाबाई चष्मा बुडवत होती, पुसत होती. लोकांना वाटलं, धुळ्याकडची काहीतरी नवीन रीत असेल. मांडवात अक्षता पडल्या आणि आबांचा जीव भांड्यात पडला.

पाठवणीच्या वेळी जीपशेजारी छगनरावांनी पुन्हा आबांना बाजूला ओढलं. आबांना वाटलं, आता काय राहिलं?

"एवढं मनासारखं केलंत," छगनराव म्हणाले, "तर तो माठ पण द्या. त्याच्याशिवाय गॉगल चालत नाही."

पण आबांच्या आधी यादवच बोलला. तो मघापासून मांडवाच्या सावलीत उभा राहून पांढऱ्या काचेतून सुनंदाकडे बघत होता. मुलगी बघायला आला तेव्हा चष्मा खिशात होता, त्यामुळे त्याला तेव्हा फक्त एक हिरवी साडी दिसली होती.

"बाबा, माठ नको," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मला नंबर आहे. हा असा पांढराच बरा. दिसतं तरी."

छगनराव खुर्ची शोधू लागले. तेवढ्यात इतका वेळ मुसमुसणाऱ्या सुनंदाने मान वर केली.

"आबा, मंग मी बी मना चष्मा लावू का?"

आता खुर्ची आबांनाही लागली. वर्षभर गावात कोणाला कळू दिलं नव्हतं. तोतारामकडून बनवलेला पोरीचा चष्मा धान्याच्या कोठीत लपवला होता. छगनराव आ वासून त्यांच्याकडे बघत होते आणि आबा जमिनीकडे.

"किती नंबर?" छगनरावांनी विचारलं.

"तुमना पोऱ्यापेक्षा अर्धा जास्ती," आबा पुटपुटले.

द्रौपदाबाईने माठातून दोन पेले पाणी भरलं आणि दोघा व्याह्यांच्या हातात दिलं.