मोतीराम गुरुजी साक्षर होतात

"तुमाले बोलावलं तरी हाय काय तिथं कोनं?" पुष्पाबाईंनी भाकरी थापता थापता विचारलं.

"बोलावलं नाही म्हनूनच चाललो," मोतीराम गुरुजी टोपी झटकत म्हणाले. "बोलावलेले लोकं चहा पिऊन वापस येतात. पाह्यनारा बी पाह्यजे ना कोनी!"

गोष्ट त्रेसष्ट-चौसष्ट सालातली. मेहकरला शैक्षणिक साहित्याचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. नागपूर-पुण्याच्या कंपन्या नकाशे, पृथ्वीगोल, भिंतीवर चित्र पाडणारी यंत्रं, असं काय काय घेऊन आल्या होत्या. आमंत्रणं गेली ती मोठ्या शाळांच्या हेडमास्तरांना. डोणगावच्या पलीकडं, आडरानातल्या करवंडखेडच्या एकशिक्षकी शाळेला कोण विचारतो? पण गुरुजींना पृथ्वीचा गोल पाहायचा होता. पृथ्वी कशी गोल आहे हे ते इतकी वर्षं हातात कवठ धरून शिकवत आले होते, आणि तास संपला की पोरं ती पृथ्वी फोडून गुळाशी खात होती.

अडचण होती रजेची. पुण्याकडून नवे विस्तार अधिकारी आले होते, आगाशे साहेब. त्यांना अजून कोणी पाहिलं नव्हतं, पण त्यांचं परिपत्रक गावोगाव पोचलं होतं. रजेशिवाय शाळा सोडणाऱ्या शिक्षकाची बदली थेट सातपुड्याच्या पायथ्याशी! आणि एकट्या शिक्षकाला रजा मागून मिळतेय कशाला? बदलीचं नाव काढलं की गुरुजींना आधी आई आठवायची. आई सोजराबाईंना मोतीबिंदूनं काही दिसत नव्हतं. ओटा, विहीर, शाळेची पायरी, सारं गाव त्या पायांनी ओळखत. परक्या गावी म्हातारी भिंतींना धडकत फिरेल, या विचारानं त्यांना झोप येत नसे, आणि त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

"शाळा तू पाह्य आजच्या दिस," ते चौथी पास बायकोला म्हणाले. "पाढे म्हनून घे पोराइकडून."

"अन् थो साहेब आला तं?"

"तो कायले येते इथं! तो तिकडं परदर्शनात राहीन." असं म्हणून गुरुजी निर्धास्तपणे त्याच प्रदर्शनाला निघाले.

रंगराव माळ्याची कांद्याची गाडी मेहकरच्या बाजाराला चालली होती. गुरुजी पोत्यांवर बसले. वाटेत वाऱ्यानं टोपी उडाली ती नेमकी चाकाखाली गेली. "उघड्या डोक्यानं कसे जाता गुरुजी?" म्हणून रंगरावानं आपला जुना पटका त्यांच्या डोक्याला गुंडाळला. उतरले तेव्हा धोतर धुळीनं माखलेलं, सदऱ्याला कांद्याचा वास आणि पटक्याचा शेव कानावर. हा मनुष्य पगारी शिक्षक आहे असं त्यांच्या सख्ख्या मेव्हण्यानंही सांगितलं नसतं.

पण आत शिरले आणि सारं विसरले. अहाहा! एक गोल बोटानं फिरवला तर आफ्रिका निघून गेली आणि हिंदुस्थान आला. कापडाच्या फळ्यावर कापडाचीच फळं चिकटत होती. एका खोलीत अंधार करून भिंतीवर चक्क हृदय दाखवत होते. गुरुजी तीनदा रांगेत उभे राहिले. शेवटी पाय बोलायला लागले, तेव्हा एका दालनात रिकामी खुर्ची दिसली, तिच्यावर जाऊन टेकले.

ते दालन प्रौढ शिक्षणाचं होतं. खुर्चीसमोर बैलगाडीच्या चाकाएवढं लाकडी 'अक्षरचक्र' होतं. दांडा फिरवला की त्यातल्या छोट्या खिडकीतून आधी चित्र यायचं, मग अक्षर. चक्राचा शोध लावणारे गृहस्थ मघापासून हवालदिल होऊन फिरत होते, कारण शिपायानं बाजारातून आणलेला निरक्षर माणूस बिडी ओढायला म्हणून गेला तो गेलाच. खुर्चीत पटकेवाला पाहून त्यांचा चेहरा खुलला.

"या बाबा, या! वाचता येतं का तुम्हाला?"

गुरुजी 'हाव' म्हणणार, तेवढ्यात शिपाई म्हणाला, "आगाशे साहेब, फोटोवाला आला."

गुरुजींनी पटक्याचा शेव आणखी पुढं ओढला. 'हाव' म्हटलं की पुढं कुठवर शिकलात, काय करता, आज शाळा कोणाच्या भरवशावर...

"नाही जी," ते म्हणाले.

झालं! साहेबांनी दांडा फिरवला. घर आलं, मागून 'घ' आला. मग मगर, 'म'. निरक्षर होणं इतकं कठीण असेल असं गुरुजींना वाटलं नव्हतं. डोळे अक्षर पाहण्याआधीच तोंड वाचून मोकळं होत होतं. दातांत जीभ धरून ते अडखळायचे, की साहेब कळवळून म्हणायचे, "घाबरू नका, येईल, येईल!" त्या बिचाऱ्या माणसाची धडपड पाहून गुरुजींना राहवेना. विद्यार्थ्यानं शिक्षकाला एवढं का म्हणून छळावं? पाव तास झाला न झाला तोच त्यांनी 'आमचे घर मोठे आहे' हे वाक्य घडाघडा वाचलं.

टाळ्यांचा कडकडाट झाला. फोटो निघाला. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मग ते एकदम संतापले.

"एवढी बुद्धी आणि आजवर निरक्षर? गावात शाळा आहे ना?"

"हाय जी."

"मास्तर काय झोपा काढतो? नाव सांगा त्याचं!"

"गुरुजी देवमानूस हाय साहेब," मोतीराम गुरुजी कळकळीनं म्हणाले. "पोराइवर लय जीव हाय त्याचा. मीच करंटा."

"बघा! किती दहशत आहे त्याची! काही भिऊ नका. माझी जीप आहे. आत्ताच्या आत्ता बघतो त्याला."

"करवंडखेडले जीप जात नाही जी. मंधात नाला हाय."

जीप नाल्यातून गेली. वाटेत दिसेल ती पाटी साहेब वाचायला लावत होते, आणि पाठीवर थाप मारत होते. गुरुजी मनात सातपुड्याचे डोंगर मोजत होते.

शाळा सुरू होती. पुष्पाबाई खुर्चीत बसून शेंगा फोडत होत्या आणि पोरं एकोणतीसचा पाढा म्हणत होती. जीप पाहून पोरं उठली आणि ओरडली, "नमस्ते गुरुजी!"

"नमस्ते, नमस्ते!" साहेब खुशीत म्हणाले. "बाई, मास्तर कुठे आहेत?"

पुष्पाबाईंनी पटक्यातल्या नवऱ्याकडं पाहिलं, साहेबाकडं पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. गुरुजींनी घाबरून नुसतं खाकरलं. पायरीवर बसलेल्या सोजराबाईंनी लगेच मान वर केली.

"मोतीराम, आला काय बापा? पाह्यला काय पृथ्वीचा गोया? अन् साहेबाले नाही ना समजलं?"

पोरं टकमक पाहत होती. साहेब मटकन पायरीवर बसले.

"म्हणजे तुम्हाला वाचता येतं," ते म्हणाले.

"हाव जी."

"कधीपासून?"

"लहानपनापासून जी." गुरुजींनी हात जोडले. "माह्यं चुकलं. पगार कापा साहेब, पन बदली करू नका. मायले दिसत नाही."

"कोन हाय रे बाजूले?" म्हातारीनं चाचपडत साहेबांचा हात धरला आणि त्यात मूठभर शेंगा ठेवल्या. "खाय बापा. थकला असशीन."

साहेबांनी त्यातली एक शेंग फोडली. फोटो तिकडं अकोल्याच्या गाडीनं वर्तमानपत्राच्या छापखान्याकडं निघाला होता. पाव तासात माणूस साक्षर केल्याचा निरोप त्यांनी स्वतःच जिल्हा परिषदेच्या अध्यक्षांना पाठवला होता.

"शाळा उघडी होती," साहेब अखेर म्हणाले. "पाढाही बरोबर होता. बदली करण्यासारखं मला तरी काही दिसलं नाही."

पुष्पाबाई चहा टाकायला पळाल्या. साहेब उठले, जीपपर्यंत गेले, इकडंतिकडं पाहून परत आले.

"उद्या सकाळी जीप पाठवतो. अध्यक्ष चक्र बघायला येताहेत."

"मी येऊन काय करू जी?"

साहेबांनी त्यांच्या कानाशी तोंड नेलं. "आज केलंत तेच. फक्त जरा जास्त अडखळा, गुरुजी. आज तुम्ही फार लवकर शिकलात."