जाधव सिस्टरचं दुसरं कुत्रं

नगरपालिकेच्या प्रसूतिगृहात जाधव सिस्टरना "काय झालं?" असं विचारणं म्हणजे चारचौघांत स्वतःची शोभा करून घेणं होतं. लेबर रूमचं दार उघडून त्या बाहेर आल्या की बाकड्यांवरची सगळी माणसं एकदम उठत आणि नेमकं तेच विचारत. सिस्टर हात पुसत शांतपणे सांगत, "बाळ झालं."

"हो, पण काय झालं?"

"बाळ. मग काय मोटारसायकल होणार होती?"

मग त्या आधी आईची तब्येत सांगत. त्यानंतर बाळाचं वजन. त्यानंतर बाळ कसं रडलं, पटकन रडलं की वाट बघायला लावली, ते. हे सगळं ऐकून समोरच्याने "बरं झालं, दोघं सुखरूप आहेत" असं तोंडाने म्हटलं, तरच मुलगा की मुलगी ते कळायचं. न म्हणणाऱ्याला सिस्टर तसंच उभं ठेवत. आमच्या मेघाच्या वेळी मी बराच वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो, कारण असं काही म्हणायचं असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. शेवटी बाकड्यावरच्या एका म्हातारीने मला कोपराने ढोसलं. "बोल दे बेटा, अच्छा हुआ बोल दे. नहीं तो ये शाम तक नहीं बताएगी."

या सिस्टर पुढे भिवंडीत टेमघरला आमच्या शेजारी राहायला आल्या. बैठी चाळ, त्यांची आमची भिंत एक. चाळीच्या मागे रफीकभाईंचा लूमचा कारखाना, त्यामुळे बोलायचं ते सगळ्यांनी मोठ्यानेच बोलायचं, अशी आमच्याकडची पद्धत. सिस्टर एकट्या होत्या. लग्न झालं नव्हतं, का झालं नव्हतं ते विचारायची आमच्यात कुणाची हिंमत नव्हती. ठेंगण्या, भरभर चालणाऱ्या. नळाला पाणी नसो, बस चुकलेली असो की कुणाला विंचू चावलेला असो, त्यांचं पहिलं वाक्य एकच असायचं, "घाबरायचं काम नाही." हे त्या अशा आवाजात म्हणत की न घाबरलेला माणूसही जरा घाबरायचा.

त्यांच्याकडे एक कुत्री होती. साधी गावठी, तांबूस रंगाची, एक कान पडलेला. तिचं नाव त्यांनी मॅडम ठेवलं होतं आणि तिचा उल्लेख त्या कायम आदरार्थी करत. "मॅडम झोपल्यात, जरा हळू बोला." "मॅडमनी सकाळपासून भाकरीला तोंड लावलं नाही." आमचे मेहुणे पहिल्यांदा आले, तेव्हा दोन दिवस त्यांना वाटत होतं की शेजारी कुणी मोठ्या डॉक्टरीणबाई राहतात आणि त्यांची तब्येत बरी नसते. मॅडमचं ऑपरेशन सिस्टरनी ठाण्याला नेऊन केव्हाच करून आणलं होतं. दिवसभर दुसऱ्यांना कुटुंबनियोजन समजावून सांगणाऱ्या बाईने स्वतःच्या घरात ढिलाई ठेवून चालत नाही, असं त्यांचं म्हणणं.

चौऱ्याण्णव-पंच्याण्णवच्या सुमारास सिस्टरनी जाहीर केलं की मॅडमना सोबत हवी, दुसरं पिल्लू आणायचं. आणि त्याच संध्याकाळी त्या आमच्या दारात येऊन माझ्या बायकोला म्हणाल्या, "सुनंदा, नर आणू की मादी?"

सुनंदाने हातातलं ताट खाली ठेवलं. "सिस्टर, पिल्लू आणा की. मग काय मोटारसायकल आणणार?"

पण सिस्टर चिडल्या नाहीत. उंबऱ्यावर बसल्या आणि गंभीरपणे म्हणाल्या, "माणसांचं वेगळं. माणसाचं बाळ पोटात असतं तेव्हा आपल्याला कुणी निवडायला बोलवत नाही. हे निवडायचं आहे. चुकलं तर मॅडमना भोगावं लागेल."

पुढचे काही आठवडे भिवंडीत दुसरा विषय नव्हता, निदान आमच्या चाळीत तरी. सिस्टर भेटेल त्याला विचारायच्या. सुनंदाचं मत मादीच्या बाजूने. नर भिंत ठेवत नाही, बादली ठेवत नाही, सगळीकडे पाय वर करतो, आणि वर भटकायला जातो. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातले म्हात्रे म्हणाले, मादीचं नावच काढू नका, दर सहा महिन्यांनी गल्लीतली सगळी पलटण तुमच्या दाराशी बसेल. रफीकभाईंनी विडी विझवून नीट विचार केला आणि सांगितलं, "सिस्टर, नर ले लो. मॅडमका मिजाज आपको मालूम है. दो मादी एक खोली में रखेंगे तो खोली छोटी पड़ेगी, बाहर आपको सोना पड़ेगा."

सिस्टरना स्वतःला मादीच हवी होती, हे त्यांच्या बोलण्यावरून दिसत होतं. पण त्या कुणाच्याही मतावर, स्वतःच्यासुद्धा, विसंबणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी प्रयोग करायचं ठरवलं. रफीकभाईंच्या वॉचमनकडे एक पिल्लं घातलेली कुत्री होती, तिची दोन पिल्लं, एक नर एक मादी, तासाभरासाठी मागून आणली. आधी नर मॅडमपुढे ठेवला. मॅडमनी त्याला हुंगलं, शिंकल्या आणि दुसरीकडे तोंड करून बसल्या. मग मादी ठेवली. ती बिचारी शेपूट हलवत पुढे गेली मात्र, मॅडमनी तिचा कान असा धरला की सिस्टर, सुनंदा आणि मी, आम्हा तिघांना मिळून तो सोडवावा लागला. सिस्टरनी पिल्लाच्या कानाला आयोडीन लावलं, त्याला दूध पाजलं, स्वतः परत नेऊन दिलं. परत आल्यावर मॅडमशी त्या दिवसभर बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी पुन्हा करून पाहिलं, वेगळ्या पिल्लांवर. तेच झालं. मॅडमना बाईमाणूस खपत नव्हतं.

"म्हणजे नर," मी म्हटलं.

"म्हणजे नर," सिस्टर म्हणाल्या, पण त्यांचा चेहरा पडला होता.

जवळच्या दिघाशी गावात एका पाटलांच्या कुत्रीला पाच पिल्लं झाली होती आणि ती आता दूध सोडण्याइतकी मोठी झाली होती. रविवारी आम्ही रफीकभाईंच्या टेम्पोने निघालो. पुढे रफीकभाई, सिस्टर आणि खिडकीत मॅडम. मी मागे, रिकाम्या पोत्यांवर.

पाटलांनी गोठ्यात पेंढ्यावर पिल्लं दाखवली. सिस्टरनी एकेकाला उचललं. डोळे पाहिले, टाळू पाहिली, पोट दाबून पाहिलं. बेंबीसुद्धा पाहिली. पाटील त्यांच्याकडे जरा दबकूनच बघत होते. "नर दोन हायत, बाई," ते म्हणाले. "कंचा पन घ्या."

"आणि या तीन?"

"त्या माद्या. त्यांना कोन न्हाय घेत. मानकोलीच्या नाक्यावर सोडीन. तिथं हाटेला हायत, खातील कायतरी."

"तिथे ट्रकसुद्धा आहेत," सिस्टर म्हणाल्या. "रस्ता कसा ओलांडायचा ते कोण शिकवणार? तुम्ही?"

पाटील पायाने पेंढा सारखा करू लागले. वाईट माणूस नव्हता तो. त्याच्या बायकोने आम्हाला चहा दिला होता, ती आता पदर तोंडाला लावून उभी होती. सिस्टर बराच वेळ पेंढ्याजवळ उकिडव्या बसून राहिल्या. मला वाटलं, आता या प्रयोग वगैरे सगळं विसरणार आणि एक मादी उचलणार. मनातून मला तेच हवं होतं. पण त्यांनी काळ्या पांढऱ्या ठिपक्यांचा एक नर उचलला, बाहेर मॅडमसमोर नेऊन धरला. मॅडमनी त्याचं डोकं एकदा चाटलं आणि जांभई दिली.

"हा माझ्याकडे," सिस्टर म्हणाल्या. मग पाटलांच्या बायकोकडे वळल्या. "वहिनी, एक मोठी टोपली द्या. तळाला गोणपाट घाला. तिघींना त्यात ठेवा."

"सिस्टर, अहो मॅडम..." मी म्हटलं.

"घाबरायचं काम नाही. या माझ्याकडे राहायच्या नाहीत. एक नेली असती तर एकच वाचली असती, आणि तिचाही कान राहिला नसता."

"मग कुठे राहणार?"

"भिवंडीत माझ्या ओळखी कमी आहेत का?"

परतीच्या वाटेवर सुरुवात रफीकभाईंपासून झाली. गाडी चालवणारा माणूस पळून जाऊ शकत नाही. मागच्या जाळीतून मला सगळं ऐकू येत होतं.

"सिस्टर, मेरे घर में पहलेसेही चार लड़कियाँ हैं."

"माहीत आहे. चौघींना पहिली आंघोळ मीच घातली. चार संभाळल्या, पाचवीने काय बिघडतं?"

"घर में नहीं रख सकते."

"कारखान्यात ठेवा. सुताची चोरी होते म्हणून रडत असता ना?"

रफीकभाईंनी एक वळण घेतलं, दुसरं घेतलं, आणि मग म्हणाले, "भूरीवाली दो. काली को रात में ढूँढेगा कौन?"

म्हात्र्यांचं दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं होतं. सिस्टर टोपली घेऊन थेट गल्ल्यापाशी गेल्या. म्हात्र्यांनी हात जोडले. "सिस्टर, मादी नको. दर सहा महिन्यांनी पिल्लं. कोण निस्तरणार?"

"ऑपरेशनला मी घेऊन जाईन," सिस्टर नेहमीच्या, लूमच्या वरताण आवाजात म्हणाल्या. "तुमच्या सौभाग्यवतींना नव्हतं का नेलं? तेव्हाही तुम्ही असेच घाबरला होतात."

गिऱ्हाइकं एकमेकांकडे बघून हसायला लागली. म्हात्र्यांनी पिल्लू घेतलं, बहुतेक सिस्टरनी पुढचं काही सांगू नये म्हणून. तिसरी कुणाकडे जाणार हे मला दिघाशीलाच कळलं होतं. आम्ही चाळीत पोचलो तेव्हा मेघा दारातच उभी होती. तिने टोपलीतून पिल्लू काढून छातीशी धरलं आणि विषय संपला.

सिस्टरनी आपल्या पिल्लाचं नाव वॉर्डबॉय ठेवलं. त्या संध्याकाळी तो मॅडमच्या पोटाशी शिरून झोपला होता आणि मॅडम, कुणी बघत नाही ना, अशा चेहऱ्याने त्याला झोपू देत होत्या. सुनंदा आणि मी बघायला गेलो. सुनंदा म्हणाली, "बरं झालं सिस्टर, तुम्ही ड्युटीवर गेलात की मॅडमना आता सोबत झाली."

सिस्टर जमिनीवर बसून वॉर्डबॉयचे पंजे ओल्या फडक्याने पुसत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "ड्युटी आता महिनाभरच. रिटायर होतेय."

आम्हाला ठाऊक नव्हतं. त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"मग तर तुम्ही दिवसभर घरीच," सुनंदा म्हणाली. "मॅडमना सोबत कशाला लागली?"

"मॅडमना नाही हो," सिस्टर म्हणाल्या. मग फडकं पिळत, "मॅडमचं वय झालं. आता दिसतं पण कमी. उद्या त्या गेल्या तर... मी सगळं आयुष्य वॉर्डात काढलंय. एका बाजूला बाया घोरतात, दुसऱ्या बाजूला पोरं रडतात. खोलीत दुसरं कुणी श्वास घेत नसलं ना, की मला झोप लागत नाही. हसाल तुम्ही."

आम्ही हसलो नाही. मागच्या कारखान्यात शिफ्ट बदलत होती. लूम क्षणभर थांबले होते, आणि त्या तेवढ्या शांततेत दोन्ही कुत्र्यांचा श्वास खरोखरच ऐकू येत होता.

रिटायर झाल्यावर पहिले काही दिवस सिस्टर वेळेवर उठून, वेणीफणी करून, दाराशी खुर्ची टाकून बसत. त्यांचं भरभर चालणं गेलं. नळावरही त्यांचं वाक्य ऐकू येईना. सुनंदा मला म्हणे, जरा जाऊन बोला. मी जायचो, पण एखाद-दोन वाक्यांपलीकडे बोलणं सरकत नसे.

मग एके सकाळी म्हात्रे दुकान उघडं टाकून आले. पिल्लू टॉवेलात गुंडाळलेलं, आणि स्वतःचा चेहरा पहिलटकरणीच्या नवऱ्यासारखा. "सिस्टर, कालपासून जुलाब होतायत. काही खात नाही."

"घाबरायचं काम नाही," आतून आवाज आला. "काय घातलंत खायला? खरं सांगा."

"फरसाण," म्हात्रे पडेल आवाजात म्हणाले.

त्यानंतर त्यांना जे ऐकून घ्यावं लागलं ते अख्ख्या चाळीने ऐकलं. दोन दिवसांनी रफीकभाई आले, त्यांच्या तांबडीच्या पायात काच गेली होती. मग वॉचमन आला, त्याच्या कुत्रीला खरूज. कुणाची तरी शेळी आली. सिस्टर सगळ्यांना आधी म्हणायच्या की मी काय जनावरांची डॉक्टर नाही, आणि मग बाह्या सरसावून बसायच्या. खरोखर अवघड असलं तर ठाण्याला पाठवायच्या, बहुधा स्वतः सोबत जायच्या.

आमचं पिल्लू मात्र ठणठणीत होतं. मेघाला याचं फार वाईट वाटायचं. एका रविवारी तिने हट्टच धरला, तेव्हा सुनंदा, मेघा आणि मी, पिल्लाला घेऊन सिस्टरकडे गेलो.

सिस्टरनी चष्मा लावला. "काय होतंय हिला?"

"काही नाही," सुनंदा म्हणाली. "सहज आणली."

सिस्टर आमच्याकडे बघत राहिल्या. माझ्याकडे, मेघाकडे, मग पुन्हा सुनंदाकडे. चष्मा काढून पदराने पुसला. पिल्लू तोवर उंबरा ओलांडून आत गेलं होतं. मॅडम भिंतीशी गुरगुरल्या, पण उठल्या नाहीत, आणि वॉर्डबॉय आनंदाने स्वतःच्याच शेपटीवर पडला.

"मग आत या की," सिस्टर म्हणाल्या. "चहा टाकते."

इतक्या वर्षांच्या शेजारात त्यांच्या हातचा चहा आम्ही पहिल्यांदाच पीत होतो. घरात कपबशी एकच होती, ती सुनंदाला मिळाली. मला स्टीलचा पेला, मेघाला वाटी. सिस्टरनी स्वतःसाठी काहीच घेतलं नाही, नुसत्या बसून राहिल्या आणि चहात साखर बरोबर पडली का, ते दोनदा विचारलं.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा सहज गेलो. मांडणीवर निळ्या फुलांच्या सहा नव्या कपबश्या ओळीने मांडून ठेवल्या होत्या, आणि चहाचं पाणी आमच्या आधीच चुलीवर चढलेलं होतं.