पाच दाण्यांची ओटी

मोठ्या पोस्टाबाहेर लोकांची पार्सलं शिवून देणारे आबा शिवून झालेलं प्रत्येक पार्सल डोक्यावर उचलत आणि पायऱ्यांवरून खाली फेकत. माझं पहिलं पार्सल असंच धाडकन आपटलं, तेव्हा माझा जीवच गेला. आत मी हातानं शिवलेल्या चाळीस कापडी बाहुल्या होत्या, जर्मनीतल्या एका दुकानानं पत्रानं मागवलेल्या.

"जहाजमा तिले मांडीवर कोन लेणार शे?" आबा म्हणाले. टाके तपासायची ही त्यांची रीत. एकही टाका उसवला नव्हता.

धुळ्याकडून येऊन जळगावात स्थायिक झालेला हा माणूस. दाभण, मांजरपाट आणि लाखेची कांडी एवढंच भांडवल. भुसावळच्या पुढे कधी गेला नव्हता. पण कुठल्या देशाला बोटीनं किती लागतं, विमानानं किती, सगळं तोंडपाठ. खिडकीतले बाबूसुद्धा दरांचा तक्ता सोडून आबांना विचारत. मी तर थक्क होऊन बघतच राहायची. फक्त शेवटचा टाका घालताना ते पाठ फिरवत. हातची कला कोण दाखवतो, असं मला वाटे.

दोन महिन्यांनी जर्मनीहून पत्र आलं. तिथल्या कस्टमनं पार्सल फोडलं होतं. आत तांदळाचे पाच दाणे निघाले, धान्य चालत नाही. पुन्हा असं झालं तर ऑर्डर बंद! कसाबसा उभा केलेला माझा धंदा पाच दाण्यांनी बुडणार होता. मी तणतणत पोस्टात गेले.

"वटी व्हती ती," आबा शांतपणे म्हणाले. "पोरले सासरले रिकामी कशी धाडू, ताई?"

"अहो आबा, बाहुल्या आहेत त्या!"

ते बराच वेळ दाभणात दोरा ओवत बसले. ओवला काही जाईना.

"मन्ही पोर बिगर वटीनी गयी," ते म्हणाले. "तिनं मनानं लगीन करं. मी दारमा उभा बी नही ऱ्हायनू. शिरपूरले राहस ती. अकरा वरीस व्हयनात."

माझा राग कुठल्या कुठे गेला. जे खरं तेच मी बोलले. "आबा, जर्मनीला तांदूळ चालत नाहीत. पण शिरपूरला चालतात."

माझं दुसरं पार्सल त्यांनी माझ्यासमोर, दाण्यांशिवाय शिवलं.

पुढच्या खेपेला गेले तर आबा स्वतःच रांगेत उभे. हातात एक लहानसं पार्सल. आत लुगडं, खण, नारळ आणि पसाभर तांदूळ, सगळं मला त्यांनीच सांगितलं. वर मोठ्या अक्षरांत मुलीचं नाव. खिडकीपाशी आल्यावर साऱ्या जगाचे दर पाठ असलेला तो माणूस हळूच म्हणाला, "शिरपूरले कितलं लागस, साहेब?"

बाबूनं वजनासाठी हात पुढे केला.

"आबा, आपटून नाही बघितलं?" मी विचारलं.

त्यांनी पार्सल छातीशी धरलं होतं.

"हाई नही, ताई," ते म्हणाले. "इले नही आपटानं."