नानांचा वनमोर

आमच्या शेजारचे नाना कोणतीही गोष्ट एकदा करून सोडत नसत. ताकात मीठ जास्त पडलं, "वनमोर!" फटफटी किकला दाद देईना, "वनमोर!" काकूंशी भांडून हरले, की उंबऱ्यातून परत फिरत, "वनमोर!" आणि पुन्हा हरत.

हा शब्द त्यांना सिनेमावाल्यांनी दिला. गावात टीव्ही एकच होता, तेव्हा धुळ्याजवळच्या आमच्या गावात शूटिंग आलं. गोष्ट अशी, की शहरातला एक साहेब खेड्यात येतो, मजुरांवरचा जुलूम बघतो आणि त्याचं मन जागं होतं. आता जुलूम करायला कुणीतरी हवं. नानांच्या मिशा बघून दिग्दर्शक खूश झाले. मार खायला नानांच्याच शेतावर वर्षभर राबणारा सालदार धोंडू घेतला.

पण चाबूक काही धोंडूला लागेना. नाना तो हवेत फिरवायचे आणि लगेच वाकून विचारायचे, "लागनं का रे?" धोंडूला हसू फुटायचं. दिग्दर्शक कपाळ बडवत ओरडायचे, "वनमोर!" शेवटी बैलसुद्धा कंटाळले. नाना धोंडूला समजावत होते, "बठ्ठं खोटं शे रे, मनवर लेऊ नको."

दुसऱ्या दिवशी चहाचा प्रसंग. साहेबाला कपबशी, मजुराला वेगळा कप. नेमका तो वेगळा कप आणायला सिनेमावाले विसरले. "थांबा, आनस," म्हणत नाना गोठ्यात गेले, कोनाड्यातला कानतुटका कप आणून धोंडूपुढे ठेवला आणि न शिवता वरून चहा ओतला. धोंडूनं लांब उकिडवं बसून तो प्यायला. पहिल्याच फटक्यात सीन ओके! दिग्दर्शकांनी नानांना मिठीच मारली. "असा अस्सल अभिनय मुंबईत बघायला मिळत नाही हो!" गावानं टाळ्या वाजवल्या.

नानांनी मात्र तो कानतुटका कप उचलला.

"मी ते रोजनंच करं, भो," एवढंच म्हणाले.

सिनेमातल्या साहेबाचं मन जागं व्हायला अजून बरंच शूटिंग बाकी होतं.

त्यानंतर नाना स्वतः त्या कानतुटक्या कपातून चहा पिऊ लागले. बोटं भाजायची, मिशा भिजायच्या, काकू चिडायच्या. दुपारी ओट्यावर आपल्या शेजारी चांगली कपबशी मांडून ते धोंडूला हाक मारायचे. मी एकदा तिथेच होतो.

"ये, धोंडू. वर बस."

"नको, नाना. घरथीन पिसन उनू," धोंडू अंगणातूनच म्हणाला. घरून पिऊन आलोय, हेच तो रोज म्हणायचा, असं काकूंनी मला हळूच सांगितलं.

कपातल्या चहावर साय धरली. मला नानांसाठी फार वाईट वाटलं, आणि धोंडूचं चुकतंय असंही वाटेना.

नानांनी मिशा पुसल्या आणि ती कपबशी उद्यासाठी बाजूला ठेवली.

"बरं, भो," ते म्हणाले. "सकाय वनमोर."