तोडकर सरांचं आवक-जावक

माझ्या लग्नात तोडकर सरांनी दिलेल्या शुभेच्छापत्रावर जावक क्रमांक होता. एकशे बारा. खाली तारीख, तारखेखाली सही, आणि अगदी तळाला ‘पोच द्यावी’. माझी बायको नवी नवरी. तिला वाटलं, सासरी आल्याआल्या कुठल्या तरी कचेरीची नोटीस आली. तिने ते पत्र घरपट्टीच्या पावत्यांबरोबर फाईलला लावून ठेवलं. पोच मात्र मी दिली नाही, आणि पुढे दोन वर्षं सर मला आठवण करून देत राहिले.

केजच्या शाळेत आम्ही एकत्र होतो. शाळेचं नाव सांगत नाही, कारण माझे निवृत्तीचे कागद अजून तिथूनच यायचे आहेत. मी मराठी शिकवायचो, सर इंग्रजी. नाव मन्मथ तोडकर. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, खिशाला दोन पेनं, बगलेत कायम एक लांबडी आवक-जावक वही. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही, घरात एक खोली आणि एक स्टोव्ह. शिक्षक होण्याआधी ते चार वर्षं तहसिलात कारकून होते. तिथून ते बाहेर पडले ते एका रिकाम्या ओळीपायी.

आपल्या कचेऱ्यांत एक जुनी सोय असते. जावक वहीत अधूनमधून एखादा क्रमांक रिकामा सोडायचा. पुढे कुणाला मागच्या तारखेचं पत्र हवं असलं, की ते त्या ओळीत बसवायचं. सगळे सोडतात. सरांनी सोडला नाही. साहेबांनी सांगितलं, नाही सोडला. साहेबांनी दम दिला, तर सरांनी तो दमही तारखेसह वहीत नोंदवला. त्यानंतर ते तिथे राहणं शक्यच नव्हतं. “रिकामा नंबर म्हंजे दरोडा हाय, जोगदंड सर,” ते मला सांगायचे. “फक्त त्यात रगत निघत न्हाई.”

“नोंद हाय का?” हा त्यांचा सवाल सगळ्यांना असे. स्टाफरूममध्ये कुणी म्हणालं, काल लई पाऊस झाला, की सर मान वर न करता विचारायचे, “नोंद हाय का?” एकदा तर खरोखर तहसिलात जाऊन पर्जन्यमापकाचा आकडा घेऊन आले आणि आम्हाला सांगितलं की पाऊस लई नव्हता, बरा होता. “नोंद न्हाई म्हंजे घडलं न्हाई,” हे वाक्य पोरं त्यांच्या पाठीमागे म्हणायची. त्यांची पाठ वळली की मीही म्हणायचो, आणि माझं पोरांपेक्षा चांगलं जमायचं. नकला हा माझा जुना हातखंडा.

नव्या शतकाची पाच-सहा वर्षं उलटली होती. केजमध्ये प्यायला पाणी आठवड्यातून एकदा यायचं, पण ‘तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी’ची पाटी गल्लोगल्ली लागली होती. जग जवळ आलंय असं जो तो भाषणात सांगत होता. आमच्या संस्थेचे अध्यक्ष, म्हणजे आबा, पुण्याच्या कुठल्याशा शिबिरात जाऊन आले आणि येताना एक योजना घेऊन आले. स्कॉटलंडच्या एका खेड्यातली शाळा आणि आमची शाळा. नववीतली आपली अकरा पोरं, त्यांची अकरा पोरं, एकास एक जोडीदार. दोघांनी इंग्रजीत ब्लॉग लिहायचा, एकमेकांचा वाचायचा, उत्तर द्यायचं. त्यातून आपल्या पोरांना इंग्रजी लिहिता येईल आणि आबांचा फोटो पेपरात येईल. त्यातली दुसरी गोष्ट लगेच झाली.

ब्लॉग म्हणजे काय, हे आमच्यापैकी कुणालाच धड ठाऊक नव्हतं. शाळेत आठ संगणक होते, पण ते तपासणीसाठी होते. एरवी त्यांच्यावर आवरणं आणि खोलीला कुलूप असे. तेव्हा सर पोरांना घेऊन स्टँडमागच्या सलीमभाईच्या सायबर कॅफेत जायला लागले. आणि जावक क्रमांकाशिवाय कागद कसा बाहेर जाणार? पोराने आधी वहीत लिहायचं. सरांनी तपासायचं. मग क्रमांक, मग तारीख, मग विषय, मग संदर्भ. पहिला ब्लॉग गेला त्याचा विषय होता, ‘आमच्या म्हशीबाबत’. संदर्भ, ‘आपला मेंढ्यांबाबतचा ब्लॉग’. शेवटी, ‘आपल्या माहितीसाठी सविनय सादर’.

मी हसून हसून बेजार झालो. म्हटलं, ती गोरी पोरं पळून जातील. ती पळाली नाहीत. महिनाभरात तिकडून आलेल्या ब्लॉगवर क्रमांक दिसायला लागले. एका पोराने तर आजीच्या वाढदिवसाच्या केकबाबत ‘पोच द्यावी’ असं लिहिलं. सरांनी मला तो छापील कागद दाखवला. आवकचा शिक्का मारलेला होता. “बघा,” ते म्हणाले, “शिस्त कळती लोकायला. आपल्याच माणसायला कळत न्हाई.”

“सर, नेट आज नक्को बोलरा,” असं सलीमभाई म्हणायचा, तेव्हा अकरा पोरं आणि सर कॅफेच्या पायरीवर बसून राहायची. वीज आली की आत जायची. पोरांची वाक्यं लंगडी होती, पण त्यांची होती. माझ्या मराठीच्या तासाला हीच पोरं ‘माझा आवडता ऋतू’ गाईडातून उतरून काढत, आणि मी ते तपासून ‘छान’ असा शेरा मारी.

त्या अकरांत एक सुरेखा होती. वस्तीवरून चालत येणारी, कमी बोलणारी. तिची जोडीदारीण फियोना. सुरेखाने आपल्या शेळीवर लिहिलं, फियोनाने आपल्या मेंढीवर. मग दोघी जनावरांच्या बाळंतपणात अशा काही रंगल्या की बाकीची दहा पोरं त्यांचाच ब्लॉग वाचायला लागली. दिवाळी झाली आणि सुरेखाचे आईबाप टोळीबरोबर ऊसतोडीला निघाले. धाकट्या भावाला सांभाळायला आणि भाकरी थापायला सुरेखालाही नेलं. दर वर्षी आमच्या शाळेतून अशी पाचपन्नास पोरं जातात. हजेरीत ती जात नाहीत. हजेरीत ती रोज हजर असतात, कारण पट घसरला तर तुकडी तुटते, तुकडी तुटली तर शिक्षक जास्तीचा ठरतो. नववी ‘क’ तुटली असती तर जास्तीचा ठरणारा शिक्षक मी होतो. हे इथे सांगून ठेवतो, कारण पुढे लागणार आहे.

आणखी एक गोष्ट मला तेव्हा ठाऊक नव्हती, ती तुम्हाला आत्ताच सांगतो. निघायच्या दिवशी सर स्टँडवर गेले होते. सुरेखाचा बाप भागवत यंदा तिचं लग्न उरकायच्या बेतात होता. सरांनी त्याच्याकडून शब्द घेतला. भागवत म्हणाला होता, “जवर तिकडून कागद येतेत तवर पोरीचं काढत न्हाई, सर. कागद बंद झाले की मंग माझा इलाज न्हाई.” सरांनी अर्थात हे वहीत नोंदवलं, आणि भागवतचा अंगठाही घेतला.

त्यानंतर एका आड एक शनिवारी, दुपारी शाळा सुटली की सर गायब व्हायला लागले. सोमवारी पहिल्या तासाला उशिरा यायचे. चपलेला चिखल, सदऱ्याला पाचटाची कुसळं. मी विचारलं, “काय सर, या वयात कुठं जमवलं?” ते म्हणाले, “नोंद हाय.” बस, एवढंच. आणि इकडे सुरेखाचा ब्लॉग मात्र दर पंधरा दिवसांनी बिनचूक येत होता. पाचटाच्या कोपीत राहतो, थंडी फार आहे, शेळी गावी चुलत्याकडे आहे, तिची आठवण येते. मी माझ्या हुशारीने निष्कर्ष काढला की म्हातारा स्वतःच लिहितोय.

जानेवारीत गॅदरिंग झालं. पाहुणे म्हणून जिल्ह्याचे एक शिक्षणाधिकारी आले होते. शिक्षकांचा कार्यक्रम म्हणजे माझी नक्कल, हे ठरलेलं. मी कपाळाला पट्टे ओढले, डोक्यावरून एका पोरीची ओढणी घेतली, मांडीवर वही घेतली आणि बारीक आवाजात सुरू केलं, “मी सुरेखा. विषय, माझ्या शेळीबाबत. मी तिकडे ऊस तोडते आणि इकडे ब्लॉग लिहिते. पोच द्यावी.” मांडव कोसळेल असं हसू आलं. आबा हसले. मुख्याध्यापक हसले. पहिल्या रांगेत तोडकर सर बसले होते, ते पण हसले, खरंच हसले, माझी नक्कल त्यांना आवडायची.

अधिकारी हसले नाहीत. त्यांनी मुख्याध्यापकांना विचारलं, “ही सुरेखा शाळेत आहे की उसात?”

दुसऱ्या दिवशी हजेरीपुस्तक मागवलं गेलं. त्यात सुरेखा हजर होती. त्या दिवशीही हजर होती. आता कुणाच्या तरी गळ्यात हे घालणं भाग होतं, आणि पट जपण्यात आमच्या सगळ्यांचे हात बरबटलेले, तेव्हा जो एकटा त्यात नव्हता त्याच्याच गळ्यात घातलं. तोडकर सरांना कारणे दाखवा नोटीस निघाली. एका विद्यार्थिनीच्या नावे बनावट लेखन केल्याबद्दल.

सरांचा खुलासा दोन ओळींचा होता. ‘सदर लेखन विद्यार्थिनीने स्वहस्ते केलेले असून मूळ वह्या सोबत जोडल्या आहेत. सदर विद्यार्थिनी दिवाळीपासून शाळेत हजर नाही.’ वह्या मी पाहिल्या. सुरेखाचंच अक्षर. पानांवर राखेची बोटं उमटलेली. म्हातारा दर पंधरा दिवसांनी एसटीने कारखान्याच्या फडावर जात होता, फियोनाचा छापील कागद शिक्क्यानिशी तिला देत होता, तिच्याकडून उत्तर लिहून घेत होता आणि परत येऊन सलीमभाईकडे बसून एका बोटाने टाइप करत होता.

त्या दुसऱ्या ओळीने मुख्याध्यापकांचं डोकं फिरलं. “सर, दुसरं वाक्य कशाला? बनावट नाही एवढं म्हणा, मी मिटवतो.” सर म्हणाले, “घडलंय ना?” मी तिथेच उभा होतो. मला एवढंच म्हणायचं होतं की नक्कल माझी, अंदाज माझा, तो चुकीचा होता, आणि हजेरी आपण सगळेच खोटी भरतो. मी नववी ‘क’चा विचार केला आणि गप्प बसलो. मला तेव्हा दोन लहान मुलं होती, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो.

योजना बंद झाली. ब्लॉगचा पासवर्ड कारकुनाने लेखी आदेशाने ताब्यात घेतला आणि सगळी पानं, तिकडच्या पत्त्यासकट, पुसून टाकली, म्हणजे चौकशीत काही सापडायला नको. स्कॉटलंडला कुणी काहीच कळवलं नाही. आबांचा पेपरातला फोटो मात्र आजही ऑफिसात चौकटीत आहे.

सर निवृत्त होऊन घाटनांदूरला गेले. तिथे त्यांच्या भावाचं किराणा दुकान आहे, त्याच्या मागच्या खोलीत राहतात. मला जायला सहा वर्षं लागली. गेलो ते जीपने, भर दुपारी. सर दुकानातल्या तुरीच्या पोत्यावर बसून वही चाळत होते. पट्टे तसेच, पेनं तसलीच. मी वाटेत ठरवून ठेवलेलं सगळं बोललो. माफी मागितली.  सरांनी भावजयीला चहा टाकायला सांगितला.

“मी गेलतो एकदा,” ते म्हणाले. “बंद झाल्यावर. फडावर. भागवतनं इचारलं, तिकडून काय आलं? म्हणलं, काई न्हाई. बंद झालं. तो बरं म्हणला. लेकरू कोपीच्या दारात उभं व्हतं, वही घिऊन. तिनं उत्तर आधीच लिहून ठिवलं व्हतं.”

मला राहवलं नाही. म्हटलं, “सर, एक कागद छापून न्यायचा होता हो! फियोनाच्या नावाने चार ओळी. शिक्का तर तुमच्याकडेच होता. भागवतला कुठे वाचता येत होतं? एक उन्हाळा निघाला असता, पोरगी दहावीला बसली असती.”

“आन नोंद कुठं केली असती?” सर म्हणाले. पण नेहमीच्या तोऱ्यात नाही. ते बोटाने वहीचा पुठ्ठा खरवडत बसले. मग ती माझ्यापुढे सरकवली.

ती त्या वर्षीची वही होती, जानेवारीपासून नव्या क्रमांकांची. एका बाजूला आवक, दुसऱ्या बाजूला जावक. आवकची शेवटची नोंद, ‘चि. सौ. कां. सुरेखा हिच्या विवाहाची पत्रिका’, तारीख अक्षय्य तृतीयेच्या आधीची. मी जावकची बाजू पाहिली. एकेचाळीस, सुरेखाचा ब्लॉग. त्रेचाळीस, नोटिशीचा खुलासा. मधला बेचाळीस क्रमांक लिहिलेला होता, तारीख नोटिशीच्या आदल्या दिवसाची होती, आणि पुढची ओळ कोरी होती.

मी सरांकडे पाहिलं. तहसिलातल्या साहेबाला जे मिळालं नाही, ते इथे होतं.

“तिचं शेवटचं उत्तर हाय माझ्याकडं,” ते म्हणाले. “बंद पाडतेल, हे नोटीस आली तवाच कळलं व्हतं. ओळ तवाच सोडली. उत्तर घडी करून ठिवलंय. कुठं धाडावं कळंना. पण कधी सापडला पत्ता तिकडचा, तर मागच्या तारखेत बसंल. बंद व्हायच्या आदी गेलतं म्हणून.”

चहा आला. आम्ही तो प्यालो. मी निघालो तेव्हा ते जीपपर्यंत पोचवायला आले. जीप भरायची होती, आम्ही उन्हात उभे होतो. एकदम माझ्या बाहीला धरून, हळू आवाजात, पहिल्यांदाच काहीतरी मागितल्यासारखं ते म्हणाले, “जोगदंड सर, त्या रिकाम्या नंबराचं नकलेत घेऊ नका.”

मी नकलेत घेतलं नाही. नकला त्या गॅदरिंगनंतर केल्याच नाहीत. पण आज ते इथे लिहून बसलो आहे, आणि सरांना काय तोंड दाखवू, हे मला कळत नाही.