मुठीवरचे महाराज

एका जंगलात, बाळांनो, एकदा सरकारी पिस्तुलं आली.

कुठून आली ते विचारू नका. जंगलातसुद्धा कुणी विचारलं नाही. रानकुत्रे टोळीने यायचे आणि पाणवठ्यावरून हरणांची पाडसं पळवायचे. तेव्हा पहारेकऱ्यांच्या हातात काहीतरी दणदणीत असावं, असं वाघमहाराजांच्या मनात आलं. इतकंच.

पाणवठ्यावर येसू वानरीण पहारा करायची. सडपातळ, लांब बोटांची, कमी बोलणारी. पिस्तूल हाती आल्यावर पहिली गोळी तिने समोरच्या खडकावर झाडली. खडकाचा टवका उडाला आणि येसूच्या तोंडून किंकाळी निघाली. पिस्तूल तिच्या मुठीतून गर्रकन वर फिरलं होतं. तळहात निखारा धरल्यासारखा पेटला होता.

आता ही पिस्तुलाची मूठ शोभाविभागाने निवडली होती. विभागाचे प्रमुख पिसारेसाहेब, जातीने मोर. त्यांनी शिसवी लाकडाची मूठ पसंत केली. अरुंद, चकचकीत, आणि मधोमध वाघमहाराजांचा उठावदार चेहरा. मिशांसकट.

"साहेब, आपण धरून पाहिलीत का?" असं त्यांना कुणी विचारलं नाही. मोराला हात नसतात हे सगळ्यांना माहीत होतं. पण वरिष्ठांना त्याची आठवण करून देणं बरं दिसलं नसतं.

येसू साळोबाकडे गेली. साळोबा साळिंदर म्हणजे जंगलातला जुना लोहार.

"काका, माझं मनगट कच्चं आहे का हो?"

साळोबाने तिचा हात उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाला, "बारीक तारेच्या कडीची भरलेली बादली उचललीस कधी?"

"उचलली की. बोटं कापतात."

"त्याच कडीला चिंधी गुंडाळली तर?"

"मग नाही कापत."

"मग पाणी कमी होतं का बादलीतलं?"

येसू हसली. त्या दिवसात पहिल्यांदाच.

"तसंच हे, पोरी. एवढ्या दांडग्या गोळीचा धक्का बसायचाच. पण अरुंद, कठीण मूठ तो सगळा एका जागी रुतवते. वर ती गुळगुळीत असली की पिस्तूल हातात फिरतं. मूठ तळव्यात भरून बसायला हवी. जराशी मऊ, जराशी खरखरीत. आणि जाड एवढीच, की तुझी बोटं पुरतील."

रस्त्याकडेला पडलेल्या टायरचं रबर कापून त्याने तिच्या हाताच्या मापाची मूठ केली. दिसायला ती भाजलेल्या वांग्यासारखी होती. येसूने सहा गोळ्या झाडल्या. हाताला झिणझिण्या आल्या, पण पिस्तूल हातात घट्ट राहिलं आणि सहाही गोळ्या नेमक्या जागी लागल्या.

त्याच सुमारास दुसरा पहारेकरी, गुणाजी माकड, शिसवी मुठीनेच सराव करत होता. त्याचा तळहात टम्म सुजला. सुजेवर हळूहळू वाघमहाराजांचा चेहरा उमटला. तो कण्हत वैद्याकडे निघाला होता, तेवढ्यात वाटेत पिसारेसाहेब भेटले.

साहेबांनी हात पाहिला. त्यांनी पिसारा फुलवला.

"गुणाजी, ही सूज नाही. ही निष्ठा आहे!"

दुसऱ्या दिवशी फर्मान निघालं: ज्याच्या तळहातावर महाराज, तोच खरा पहारेकरी.

मग काय, बाळांनो! ज्यांनी पिस्तूल लांबूनही पाहिलं नव्हतं, तेही ठसे दाखवत हिंडू लागले. सशाने आपला पंजा दारात चेमटून घेतला. कासव म्हणालं, "माझा ठसा कवचाच्या आत आहे."

आणि एका भर दुपारी रानकुत्रे आले. चांगले अकरा.

गुणाजीने गोळी झाडली. गोळी आभाळात गेली, पिस्तूल पाण्यात गेलं आणि गुणाजी झाडावर गेला. येसू मात्र जागची हलली नाही. रबरी मूठ तिच्या तळव्यात भरून बसली होती. पहिली गोळी म्होरक्याच्या पायांपुढे धूळ उडवून गेली. दुसरी त्याच जागी, एक बोटभर अलीकडे. तिसऱ्या गोळीला अकराही शेपट्या पाठमोऱ्या झाल्या. एकही पाडस गेलं नाही.

संध्याकाळी दरबार भरला.

"हात दाखवा," पिसारेसाहेब म्हणाले.

गुणाजीच्या हातावर महाराज गुबगुबीत झाले होते. दरबाराने टाळ्या वाजवल्या, अर्थात जपून. येसूचा हात स्वच्छ होता.

"गोळ्या कुणी झाडल्या म्हणता?"

"मी झाडल्या, साहेब."

"मग महाराज कुठे आहेत?"

येसूने मान वर केली. "महाराज, पाडसं आहेत ना जागेवर?"

वाघमहाराजांनी पाडसांकडे पाहिलं. मग शिसवी मुठीवरच्या स्वतःच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहरा फारच छान आला होता.

सरकारी मुठीत विनापरवाना फेरफार केल्याबद्दल येसूला कामावरून काढलं. रबरी मूठ जप्त झाली. गुणाजीला 'पाणवठाभूषण' हा किताब मिळाला. येसूला राग आला, रडू आलं, आणि सगळ्यात जास्त नवल वाटलं. सात वर्षांच्या पहाऱ्यात दरबारातल्या कुणी आपला हात असा निरखून पाहिला नव्हता, तो नेमका आज पाहिला.

चौथ्या दिवशी रानकुत्रे परत आले. पाणवठाभूषणांच्या हाताला पट्टी होती. दोन पाडसं गेली.

उरलेली हरणं गुपचूप पलीकडच्या ओढ्यावर पाणी प्यायला जाऊ लागली. तिथे एका उंबरावर येसू राहते. लांबून काही हललं की ती हाळी देते, आणि हरणं पळतात.

पाणवठ्यावर चौकशी समिती बसली. तिने सखोल अभ्यास केला आणि दोष शोधला: मुठीवरचं कोरीवकाम कमी पडलं. नवी मूठ लवकरच आली.

तिच्यावर महाराज सहकुटुंब होते.

तात्पर्य: काम करताना हात चांगला सुजवून घ्यावा. काम झालं नाही तरी चालतं. सूज वेळेवर दाखवता आली पाहिजे.