सगळं बाहेर ठेवणारा इंजिनियर

डोन्या पास्तोरा तिकीटखिडकी अर्धवट उघडी टाकून मागच्या खोलीत आल्या, तेव्हा अमिल्कार प्लुआस आरशासमोर टाय बांधत होता. ग्वायाकिलच्या घामट डिसेंबरात टाय बांधणारा माणूस एकतर मयताला निघालेला असतो, नाहीतर बढतीला. अमिल्कार बढतीला निघाला होता.

"इंजिनियर, तुमच्या पडद्याला काय झालंय ते जरा बघता का?"

"पडद्याला काही होत नसतं, डोन्या पास्तोरा. झालं तर बघणाऱ्याला होतं."

"बघणाऱ्यांनाच झालंय खरं. पोट धरून हसतायत. माचालाची बस लागलीय, पण चढायला कुणी जाईना."

अमिल्कारने टायची गाठ आवळली आणि तुच्छतेने हसला. तिकीटविक्रेत्या बायका पडद्याविषयी बोलू लागल्या की तो नेहमीच असा हसे. रिओ क्लारो सहकारी बस संस्थेच्या साऱ्या स्थानकांवरचे पडदे तो चालवायचा. गाड्यांच्या वेळा आणि त्यांच्यावर ठळक अक्षरांत संस्थेचा संदेश, एवढंच त्या पडद्यांचं काम. पण अमिल्कार त्याविषयी असा बोले, की ऐकणाऱ्याला वाटावं, गाड्या डिझेलवर नव्हे, त्याच्या प्रोग्रॅमवर धावतात.

प्रोग्रॅम जावा या संगणकी भाषेत होता, आणि मूळचा अमिल्कारचा नव्हता. आधीच्या इंजिनियरने संदेश कोडातच कोरून ठेवलेला असे, आणि एक शब्द बदलायचा तर सगळं बंद करून प्रोग्रॅम नव्याने बांधावा लागे. "असली माणसं घराची किल्ली भिंतीत चिणून ठेवतात," असं अमिल्कार त्या बिचाऱ्याविषयी चारचौघांत म्हणायचा. त्याने आल्याआल्या सगळं कोडाच्या बाहेर काढलं. संदेश एका फाइलीत ठेवला. फाइलीवर वरचढ म्हणून, प्रोग्रॅम सुरू करायच्या आज्ञेत संदेश द्यायची सोय केली. आणि त्या सगळ्यांच्या डोक्यावर मुख्य कचेरीतल्या यंत्रावर एक सामायिक कोठार बसवलं. कोठारात शब्द बदलला की डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच सगळ्या पडद्यांवर बदलायचा, काही बंद न करता. नियम एकच, जे जितकं बाहेरचं, तितका त्याचा हुकूम मोठा.

हा नियम त्याच्या अंगात इतका भिनला होता, की आज चार वाजता चेअरमन इथे येऊन पडद्यांच्या ज्या करारावर सही करणार होते, त्यातही नव्या तांत्रिक संचालकाच्या नावाची जागा त्याने मोकळी ठेवायला लावली होती. "नावं आधी छापायची नसतात," त्याने कचेरीतल्या कारकुनाला सुनावलं होतं. "ऐन वेळी बाहेरून भरायची." ते नाव कुणाचं असणार हे त्याला ठाऊक होतं, कारण संचालकाच्या काचेच्या केबिनमध्ये टेबल कुठे लावायचं तेही त्याने मोजून ठेवलं होतं.

तो बाहेर आला आणि त्याने पडद्याकडे पाहिलं. चार पुरुष उंचीच्या दालनात, तिकीटखिडकीच्या वर, झळझळीत पिवळ्या अक्षरांत लिहिलं होतं:

निघालो मी जळायला, वाटणी करून जातो,
चेअरमन इकासासाठी रिकामी फ्रेम ठेवतो.
पदवी काही लागेना हाती, भिंत मात्र तयार,
यंदा तरी डॉक्टरकी कुणी देईल का उधार?

खाली मांता मार्गावरच्या ड्रायव्हरांसाठी ब्रेक ठेवल्याचंही नमूद होतं.

"यादिरा!" अमिल्कार मागच्या खोलीत परतत ओरडला.

यादिरा किमी त्याची सहकारी. तीही इंजिनियर, पण ते मिरवायला तिला कधी सवड झाली नाही. या क्षणी ती खोलीच्या कोपऱ्यात भुशाने भरलेल्या पुतळ्याला चष्मा चिकटवत होती आणि दुसऱ्या हाताने केळ्याचा तळलेला गोळा खात होती. सरत्या वर्षाचा पुतळा उद्या रस्त्यात जाळायचा, आणि आज संध्याकाळी सगळ्या कर्मचाऱ्यांसमोर त्याचं मृत्युपत्र वाचायचं. मृत्युपत्रात सरतं वर्ष प्रत्येकाला काहीतरी ठेवून जातं, म्हणजे प्रत्येकाची यथेच्छ टर उडवतं. यंदाचं मृत्युपत्र यादिराने लिहिलं होतं.

"हे तुझं मृत्युपत्र पडद्यावर कुणी लावलं?"

"तूच," यादिरा म्हणाली. "काल लांब मजकूर मावतो का बघायला माझ्याकडून घेतलास ना? मावला का?"

"ती चाचणी होती!"

"काढलंस का मग चाचणी झाल्यावर?"

अमिल्कारने काढलं नव्हतं. काल चाचणी त्याने आपल्या संगणकावरच पाहिली होती; पडदे पुसायला म्हणून बंद होते, त्यामुळे कोठारातल्या ओळी कुणाला दिसल्या नाहीत. आज दुपारी पडदे चालू झाले आणि त्यांनी नेमाने कोठाराचा हुकूम मानला. चाचणीचं कोठार वेगळं ठेव, असं यादिराने त्याला मार्चमध्ये सांगितलं होतं. तेव्हाही तो तसाच हसला होता.

"बायकांसारखी घाबरू नकोस," तो आता तिला म्हणाला. ती मुळीच घाबरली नव्हती. गोळा खात होती. "फाइलीत दुसरा संदेश घालतो, झालं."

त्याने घातला. नववर्षाच्या शुभेच्छा, चेअरमनचं नाव, सगळं झोकात. दालनातून हशा आला. पडदा जसाच्या तसा.

"जे जितकं बाहेरचं..." यादिराने सुरुवात केली.

"मला माझाच नियम शिकवू नकोस!"

मग तो कोठाराकडे वळला. घाईत परवलीचा शब्द चुकला. पुन्हा चुकला. सोमवारी त्याने सुरक्षेसाठी तो बदलला होता, आणि सुरक्षेसाठीच अशी व्यवस्थाही केली होती की तीनदा चुकलं तर कोठाराने मालकालाही उद्यापर्यंत दारात उभं करू नये. तिसऱ्यांदा चुकल्यावर कोठाराने तसंच केलं. यंत्र आपल्या धन्याचा शब्द पाळतं, माणसाने पाळावा त्याहून कसोशीने.

डोन्या पास्तोरा पुन्हा दारात आल्या. "इंजिनियर, आता फोटो काढतायत हो. एकीने तर नवऱ्याला वाचून दाखवायला फोन लावला."

अमिल्कारने मुख्य कचेरीला फोन लावला. सुट्टीमुळे तिथे फक्त रखवालदार डॉन सेगुंदो होता.

"डॉन सेगुंदो, कोपऱ्यातल्या काळ्या यंत्राची वायर ओढा."

"तुम्हीच तर त्यावर कागद लावलाय, 'हात लावल्यास नोकरी जाईल' म्हणून."

"मीच सांगतोय, ओढा!"

"लेखी द्याल?"

यादिरा हसता हसता खुर्चीतून घसरायची राहिली. अखेर डॉन सेगुंदोने वायर ओढली. कोठार मेलं, आणि पडद्याने आज्ञाधारकपणे त्याच्या आतला हुकूम शोधला. प्रोग्रॅम सुरू करायच्या आज्ञेत संदेश होताच. अमिल्कारनेच दोन वर्षांपूर्वी, तेव्हाच्या चेअरमनला खूश करायला, नावाआधी 'लिसेन्सियादो' ही मानाची उपाधी लावून घातलेला:

आपल्या सर्वांचे लाडके लिसेन्सियादो ओबांदो हेच रिओ क्लारोचे कायमचे चेअरमन!

दालनात ड्रायव्हरांच्या बाकावरून टाळ्या पडल्या. ओबांदोला इकासाने मागच्या निवडणुकीत पाडलं होतं. त्या सभेत खुर्च्या उडाल्या होत्या, आणि ओबांदोचं नाव काढलं तरी इकासाच्या कपाळावरची शीर अजून फुगते.

"यापेक्षा मृत्युपत्र बरं होतं," यादिरा म्हणाली. या वेळी ती चेष्टा करत नव्हती.

साडेतीन वाजून गेले होते. अमिल्कारने प्रोग्रॅम बंद केला. गाड्यांच्या वेळांसकट पडदा काळा पडला आणि मांता, बाबाओयो, केवेदोचे उतारू एकदमच खिडकीवर धावले. आज्ञेतला संदेश खोडून त्याने प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला. आता तरी फाइलीची पाळी होती. पण पडद्यावर उमटलं:

इथे संदेश येईल.

"फाइल का वाचत नाहीये?" तो ओरडला.

"कुठली फाइल वाचायची, ते कुठे लिहून ठेवलंयस?"

कुठली फाइल वाचायची हेही कोडात कोरायचं नसतं म्हणून ते त्याने कोठारात ठेवलं होतं. आणि कोठाराची वायर डॉन सेगुंदोच्या हातात होती.

मग अमिल्कार प्लुआसने ते केलं, जे केल्याबद्दल त्याने आयुष्यभर दुसऱ्यांना नावं ठेवली. त्याने कोड उघडला आणि सगळे बाहेरचे रस्ते बुजवून संदेश आतच कोरला, अक्षर न् अक्षर. प्रोग्रॅम नव्याने बांधला. पडदा पुन्हा काळा, उतारू पुन्हा खिडकीवर, डोन्या पास्तोराच्या तोंडून पुन्हा लिहू नये असं काही. आणि चारला पाच कमी असताना पडदा उजळला:

सर्व प्रवाशांना नववर्षाच्या शुभेच्छा देत आहेत, चेअरमन लिसेन्सियादो फाउस्तो इकासा.

अमिल्कार घामाने भिजला होता. पण टाय जागेवर होता, आणि टाय जागेवर असलेल्या माणसाची घमेंड परत यायला वेळ लागत नाही. "बघ," तो यादिराला म्हणाला, "डोकं शांत ठेवलं की सगळं होतं."

चेअरमन आले. मागे संचालक मंडळ, त्यामागे करार घेतलेला कारकून. चेअरमनच्या स्वतःच्या काखेत एक सोनेरी फ्रेम होती. ती पाहून यादिराने ओठ चावला. पडद्याकडे बघत चेअरमन बराच वेळ मान डोलवत राहिले.

"छान. फार छान. फक्त एक शब्द बदला, इंजिनियर." त्यांनी फ्रेम सगळ्यांना दिसेल अशी फिरवली. कुठल्याशा विद्यापीठाचं नाव होतं, आणि त्याखाली मोठ्ठा शिक्का. "कालच मला सन्मानाची डॉक्टरेट मिळाली. लिसेन्सियादो काढा, डॉक्टर घाला."

"अवश्य, लिसेन... डॉक्टर. उद्या सकाळी पहिलं काम तेच."

"उद्या?" चेअरमनच्या कपाळावरची शीर हलली. "पातं लवतं न लवतं तोच बदलतो, काही बंद पडत नाही, असं तुम्हीच सभेत सांगितलंत ना? करार तर त्याचाच आहे. मंडळी, बघा आता. मी डोळे मिटतो."

आणि त्यांनी खरंच डोळे मिटले. साहेबांनी मिटले म्हणून मंडळानेही मिटले. सहकारात हे आलंच.

अमिल्कार उभा राहिला. कोठार मेलेलं, फाइल बेवारस, आज्ञा खोडलेली, आणि संदेश त्याने स्वतःच्या हाताने भिंतीत चिणलेला. हात हलवायचा तर पडदा काळा करावा लागणार होता, आणि पडदा काळा झाला तर केबिन गेलं. तो टायची गाठ चाचपू लागला.

यादिराला या माणसाची दया येत नव्हती, पण कराराची येत होती. करार गेला असता तर तिचीही नोकरी गेली असती. पुतळ्यासाठी आणलेला पिवळा कागद तिने उचलला, त्यावर जाड मार्करने 'डॉक्टर' लिहिलं, आणि चिकटपट्टी दातांनी तोडत ती तिकीटखिडकीच्या कट्ट्यावर चढली. डोन्या पास्तोराने तिचे पाय धरले. तिने कागद पडद्यावरच्या 'लिसेन्सियादो'वर थापला आणि खाली उडी मारली.

"झालं, डॉक्टर."

चेअरमननी डोळे उघडले. वर पाहिलं. चष्मा लावून पुन्हा पाहिलं.

"थोडं तिरकं आहे."

"बाहेरून आलंय ना, डॉक्टर," यादिरा म्हणाली. "जे जितकं बाहेरचं, तितका त्याचा हुकूम मोठा. आतलं काही बंद केलं नाही."

"बस बंद नाही पडली, वेळा बंद नाही पडल्या," चेअरमन मंडळाकडे वळून म्हणाले, "आणि मलासुद्धा समजलं. इतकी वर्षं या पडद्यांविषयी भाषणं ऐकतोय, पहिल्यांदाच काहीतरी समजलं. कुणी केलं हे?"

"यादिराने!" डोन्या पास्तोरा खिडकीतून ओरडल्या.

चेअरमननी करार घेतला, सही ठोकली आणि संचालकाच्या नावापाशी आले. "ही जागा मोकळी का?"

"प्लुआस इंजिनियर म्हणाले," कारकून म्हणाला, "नाव आधी छापायचं नसतं. ऐन वेळी बाहेरून भरायचं."

"शहाणा माणूस," चेअरमन म्हणाले, आणि त्या जागी त्यांनी ठसठशीत अक्षरांत यादिरा किमी असं लिहिलं.

संध्याकाळी स्थानकाच्या गोदामापुढे सगळे जमले. पुतळ्याला चष्मा होता, आणि अमिल्कार टाय काढून घाम पुसायला आत गेला तेवढ्यात त्याचा टायही पुतळ्याच्या गळ्यात आला होता. चेअरमनच्या ओळी यादिराने शहाणपणाने गाळल्या. ड्रायव्हरांचे ब्रेक वाचले. मग तिने कागद उलटला.

"मागच्या बाजूला काल काही नव्हतं," अमिल्कार म्हणाला.

"आत्ताच भरलंय," यादिरा म्हणाली आणि वाचू लागली:

अमिल्कारला काय ठेवू? पेच मोठा पडला,
डोक्यातलाही ऐवज त्याने बाहेरच की मांडला!

सगळ्यांत जोरात डॉन सेगुंदो हसला. तो मुख्य कचेरीतून थेट आला होता, आणि यंत्राची वायर पुन्हा लावायची की नाही हे विचारायला अमिल्कारला शोधत होता. लेखी हवं होतं.